शेवंतीचं परफ्यूम

गेल्या पौषात पाच दिवस माझ्या अंगाला पिकलेल्या पेरूचा आणि कोणत्यातरी परदेशी फुलांचा वास येत होता, आणि त्या पाच दिवसांत आसेगावातल्या एकाही माणसाने माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. चार एकर शेत, एक म्हैस, एक बायको आणि पुण्यात कंपनीत कामाला असलेली एक मुलगी, एवढा माझा पसारा. (बायकोला मी म्हशीनंतर घातलं हे तिला कळलं, तर हा मजकूर इथेच संपेल.) एकतीस वर्षांच्या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. एक गुडघेदुखी आणि दुसरं नाक! गच्च भरलेल्या गाडीत मी डोळे मिटून सांगायचो, कोणाच्या पिशवीत सुकट आहे, कोणाच्या पायाशी झाकलेली कोंबडी आहे आणि मागच्या सीटवरच्या पाव्हण्याने सकाळी सकाळी काय घेतलेलं आहे. "माह्या नाकापासून काई लपत नाई," असं मी घरातही अधूनमधून ऐकवायचो. माझी बायको सुमन त्यावर काही बोलायची नाही. ती भाकर उलटायची.

दिवाळीत आमची प्रणाली पुण्याहून आली, ती एक पेटी घेऊन. पेटीत मखमल, मखमलीत बाटली आणि बाटलीत दोन घोट गुलाबी पाणी.

"बाबा, हे तुमच्या दोघांसाठी."

"दोघात एकच?" मी विचारलं.

"हे बायकांचंही असतं आणि पुरुषांचंही. आता अशीच पद्धत आहे."

"म्हंजे आपल्या टावेलासारखं," सुमन म्हणाली.

किंमत विचारली, तर पोरगी सांगेना. पोरगी ज्या वस्तूची किंमत सांगत नाही, त्या वस्तूला बापाने हात लावू नये, असा माझा नियम आहे. तरी तिने माझ्या मनगटावर एक फवारा मारलाच. मी दोनदा खोकलो आणि निकाल दिला, "वास बरा हाये, पन बाईमानसाचा हाये." सुमनने हुंगून उलटा निकाल दिला, "मले त बुवामानसाचा वाटते." असं दोघांनी एकमेकांवर ढकलत ढकलत ती बाटली शेवटी कपाटात पातळांच्या मागे गेली. प्रणाली जाताना जरा नाराज दिसली. मी म्हटलं, होईल ठीक.

आता खरी गोष्ट. सुमनच्या पित्ताशयात खडे निघाले. वाशीमच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. सुमनने ती कापूस वेचायचा आहे म्हणून पुढे ढकलली. दुसरी तारीख दिली, तर नेमकी शेवंती व्याली. शेवंती म्हणजे आमची म्हैस. मग तिसरी तारीखही ढकलायची भाषा सुमन करू लागली, तेव्हा डॉक्टर माझ्यावर ओरडले. "पुन्हा कळ उठली तर इथपर्यंत पोचता येईल की नाही सांगता येत नाही. गुरुवारी ऑपरेशन झालंच पाहिजे!" रात्री पोट धरून बसलेली बायको मी पाहिलेली होती. मला खरोखर भीती वाटली.

सुमनची अडचण एकच होती.

"शेवंतीचं दूध कोन काढन?"

"मी काढतो."

ती हसली. इतकी हसली, की कळ आली.

"हासू नको! एकतीस वर्षं पब्लिक सांभाळली म्या. एक म्हैस सांभाळनं होत नाई काय?"

"पब्लिक लाथ मारत नाई," ती म्हणाली. "अन् शेवंती एकहाती हाये. माह्याबिगर कोन्हाले कासेले हात लावू देत नाई. तुमाले त ती वळखत बी नाई."

हे मात्र खरं होतं. दोन्ही वेळचं दूध काढायचं काम तिचं. गोठ्यात मी फार तर दारापर्यंत जायचो, तेही चहा झाला का ते विचारायला. तरी मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. मंगळवारी दुपारी प्रणाली आणि केनवडचा माझा साळा प्रभाकर सुमनला घेऊन वाशीमला निघाले. गाडीत बसल्यावर सुमनने काच खाली करून शेवटचं सांगितलं, "दोन्ही येळ दूध निघालं पाह्यजे. एक येळ बी कास भरली राह्यली, त मी सुया काढून घरी येतो. डाक्टरले सांगा नाई त कलेक्टरले सांगा."

ती बोलल्याप्रमाणे करते. म्हणजे ऑपरेशन आता डॉक्टरांच्या हातात नव्हतं. ते म्हशीच्या चार सडांवर अवलंबून होतं.

संध्याकाळी पाच वाजता मी बादली घेऊन गोठ्यात शिरलो. घमेल्यात सरकीची ढेप ठेवली. शेवंतीची वगार म्हणजे पारडी सोडली, तिने दोन ढुशा मारल्या, शेवंतीने पान्हा सोडायला सुरुवात केली. इथपर्यंत सगळं टाईमटेबलप्रमाणे चाललं होतं. मी वगार ओढून बांधली, उकिडवा बसलो आणि सडाला हात लावला. शेवंतीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बिनतिकिटाचा प्रवासी सापडल्यावर मी जसा पाहायचो, तसंच! पान्हा जागच्या जागी बंद. मी गोड बोललो. मी पाठ खाजवली. मी दटावलं. तिने शांतपणे एक पाय उचलला आणि बादली उकिरड्यापर्यंत पोचवली. दुसऱ्या पायाने मला पोचवलं, पण तेवढं लांब नाही.

तासाभराने फोन वाजला.

"निघालं काय?"

"निघालं नं!"

"किती?"

"चार लिटर," मी ठोकून दिलं.

 मग सुमन म्हणाली, "संध्याकाळी ती तीनच्या वर कधी जात नाई."

मी रिकामी बादली खाटेखाली सरकवली.

"उद्या सकाळी नाई निघालं, त पयल्या गाडीनं येतो मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. रडू होतं. राग असता तर मला सवय आहे.

बुधवारी उजाडताना मी गोठ्यात डोकावलो. कास तुंबून दगडासारखी झाली होती आणि शेवंती पाय बदलत उभी होती. अशी आणखी एखादी वेळ गेली असती, तर सडच खराब झाला असता. तेव्हा मला आमच्या वडिलांची युक्ती आठवली. आमच्याकडे घरची बाई बाहेरगावी गेली आणि म्हैस पान्हा चोरू लागली, की घरचा पुरुष बाईचं पातळ नेसून दूध काढतो. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच करतात. (कोणी पाहू नये म्हणून मात्र सगळेच दार लावून घेतात.)

मी दार लावलं. कपाटातून सुमनचं चांगलं धुतलेलं, इस्त्री केलेलं जांभळं पातळ काढलं. जुनंपानं नेसून गेलो तर शेवंतीला वाईट वाटायचं! निऱ्या घालायला पाऊण तास लागला. हातात तिच्या दोन दोन काचेच्या बांगड्या चढवल्या, कारण म्हशीला आवाजही ओळखीचा लागतो. मिशी झाकायला पदर नाकापर्यंत ओढला आणि सुमनसारखी कमरेत किंचित वाकून चालत गोठ्यात गेलो.

शेवंतीने कान टवकारले. बांगड्या ऐकून तिचा चेहरा खुलला, शप्पथ सांगतो! तिने माझ्या खांद्याशी नाक आणलं. एक लांब श्वास घेतला. आणि असं फुरफुरली, की तिच्या नाकातलं सगळं माझ्या पदरावर. पान्हा बंद!

काहीतरी कमी होतं. मी परत कपाटाशी आलो, म्हटलं दुसरं पातळ बघू. चार पातळं बाजूला सारली, तर मागे ती मखमलीची पेटी. सहज उघडली. दिवाळीत गळ्यापर्यंत भरलेली बाटली अर्धी झालेली होती!

मी बाटली उलटी करून पाहिली, कुठे गळत नव्हती. प्रणालीला फोन लावला.

"पोरी, हे तुह्यं परफ्यूम उडून जाते काय?"

"नाही हो बाबा. का?"

"अर्धं राह्यलं."

"मग आई लावते ना रोज," ती म्हणाली. "पहाटे अंघोळ झाली की. दिवाळीपासून. मला फोनवर सांगते, आज वास दुपारपर्यंत टिकला, आज कमी टिकला म्हणून. तुम्हाला माहीत नाही?"

मी कपाटासमोर खाली बसलो. पातळात खाली बसणं सोपं नसतं, पण बसलो. दोन महिने ही बाई सकाळी माझ्यापुढे चहाचा कप ठेवत होती, हातभर अंतरावरून. आणि मी, चार सीट पलीकडचं सुकट ओळखणारा! अंघोळ करून ती थेट गोठ्यात जायची. म्हणजे दोन महिने शेवंतीची सुमन अशीच होती, बांगड्या वाजणारी आणि पेरूचा वास येणारी. मी तिच्यापुढे नुसता धुण्याच्या पावडरचा वास घेऊन गेलो होतो. म्हशीने मला हाकललं, त्यात तिची काय चूक?

"किती लावते ती?" मी विचारलं.

"दोन फवारे. बाबा, खूप स्ट्राँग आहे ते, दोनच!"

पण आम्ही कपाशीवर फवारणी करणारी माणसं. खालून वर, वरून खाली, एक ओळ सुटता कामा नये. मी भानावर आलो तेव्हा अकरा फवारे झाले होते.

पहिला फवारा गळ्यावर पडला तेव्हा मी जागीच उभा राहिलो, हे मात्र सांगितलं पाहिजे. आधी आला तो पेरूचा वास, पिशवीत विसरलेल्या नव्हे, आत्ता झाडावरून उतरवलेल्या पेरूचा. त्याच्या मागून एक गोड-आंबट काहीतरी, ज्याचं नाव मला येईना. (पेटीवर फळांची नावं छापलेली होती, पण त्यातलं एकही फळ कधी मंगरूळच्या बाजारात आलेलं नाही.) मग हळूच संत्र्याचा बहर आला. आमच्याकडे बहराच्या दिवसांत बागेच्या बांधावरून सायकल नेली की अंगावर येतो, तोच. आणि सगळ्यांच्या खाली गुलाब होता. लग्नातल्या गुलाबपाण्यासारखा अंगावर धावून येणारा नाही, कोपऱ्यात बसून ऐकणारा. मी मनगट हुंगलं. परत हुंगलं. डोक्यावर पदर घेतलेला एक रिटायर्ड कंडक्टर आरशासमोर उभा राहून स्वतःचंच मनगट हुंगत होता, आणि त्याला ते फार आवडत होतं! हा वास बाईचा की पुरुषाचा, ते आरशात पाहूनही मला ठरवता आलं नसतं.

गोठ्यात पाय टाकला आणि शेवंती सलग तीनदा शिंकली. मग पुढे आली. गळा हुंगला, खांदा हुंगला, मनगटाशी नाक आणून थांबली, आणि पोटातून असा एक आवाज काढला, की मलाच रडू फुटलं. वगार सोडायचीही गरज पडली नाही! मी खाली बसलो, सड धरला आणि चर्र करून पहिली धार बादलीत वाजली. माझ्या आयुष्यात डबल बेल सोडून इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. साडेपाच लिटर निघालं. पातळ बदलून मी बादलीचा फोटो वाशीमला पाठवला.

सुमनचा लगेच फोन. "माय वो! कसं काय दिलं तिनं?"

"माह्या हाताले गुन हाये," मी म्हणालो. खरं सांगायला तोंड नव्हतं. तिचं परफ्यूम अकरा फवारे वापरलं म्हणून नव्हे. दोन महिने मला वास आला नाही, ते कसं सांगणार?

दूध घालायला डेअरीवर गेलो. पातळ उतरलं होतं, पण अकरा फवारे कुठे उतरतात! रांगेतली माणसं एकेक करून मागे वळली. डेअरीवाला गजानन मापात दूध ओतता ओतता थांबला.

"भाऊ, पाव्हने आले काय घरी?"

"नाई."

"वहिनी त दवाखान्यात हाये म्हनते नं?"

"हो. उद्या ऑपरेशन हाये."

"अच्छाऽ," गजानन म्हणाला. त्या 'अच्छा'मध्ये अख्खं गाव बसलं असतं, तरी वर टपावर जागा राहिली असती.

संध्याकाळी मी पुन्हा तोच सगळा साज केला. या वेळी निऱ्या वीस मिनिटांत! शेवंतीने सव्वातीन लिटर दिलं, मी पदराने घाम पुसला आणि कंबर सरळ करायला गोठ्याच्या दारात घडीभर उभा राहिलो. एवढीच माझी चूक. त्याच वेळी शेजारची मंदा भिंतीवरून कोथिंबीर मागायला डोकावली होती. तिला काय दिसलं? भाऊंच्या गोठ्यात पदर घेतलेली एक उंचीपुरी बाई, अंगावर सुमनचं जांभळं पातळ, आणि वास असा की भिंतीअलीकडे यावा! मंदा कोथिंबीर न मागताच खाली उतरली, आणि माणुसकीच्या नात्याने तिने थेट दवाखान्यात फोन लावला.

"सुमन, तुले सांगू का नको... तुह्या घरी एक बाई हाये. तुह्यंच पातळ नेसून फिरून राह्यली. चांगली धट्टीकट्टी हाये बाप्पा!"

हे मला कोणी कळवलं नाही. गुरुवारी सकाळी सहा वाजता मी निवांत शेवंतीखाली बसलो होतो. अर्धी बादली झालेली, धार लागलेली. आठला ऑपरेशन. फाटकाशी मोटरसायकल थांबली आणि माझा साळा प्रभाकर गर्जत आत आला. तो वाशीमहून अंधारातच निघालेला होता.

"कोन हाये ती? निघ बाहेर! माह्या बहिनीच्या घरात शिरते!"

आता माझी पंचाईत पाहा. पान्हा लागलेला असताना बोललो असतो, तर पुरुषाचा आवाज ऐकून शेवंती बिथरली असती. कास अर्धी भरलेली. मी तोंडातून शब्द न काढता बांगड्यांचा हात मागे करून 'थांब, थांब' अशी खूण केली.

"हात काय हालवून राह्यली मले!" प्रभाकर आणखी भडकला. "भाऊजी कुठं लपले? भाऊजी! इकडं या! साठी आली तरी लाज नाई तुमाले?"

(अठ्ठावन्न. पण ती दुरुस्ती करायची ती वेळ नव्हती.)

तीन ढांगांत तो जवळ आला आणि त्याने माझा पदर ओढला. खाली मिशी निघाली. प्रभाकरचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"भा... भाऊजी?"

"हळू बोल," मी पुटपुटलो. "पान्हा जाईन."

"तुमी... हे..."

"बोलू नको म्हनलं नं! वगार धर."

बिचाऱ्याने वगार धरली. मी खाली मान घालून धार काढत राहिलो आणि तो मान खाली घालून मला पाहत राहिला. सगळं दूध निघाल्यावरच मी त्याला सगळं सांगितलं. तो खांबाला टेकून खाली बसला.

"भाऊजी, तिकडं ताईनं सलाईन काढाले लावलं," तो म्हणाला. "घरी चालली म्हनते. प्रनालीनं दरवाजात उभी राहून अडवून ठेवली."

 म्हैस जिंकली आणि बायको उठून चालली! मी म्हटलं, "लाव फोन. व्हिडिओ लाव. लवकर!"

"अशा हालतीत?"

"अशाच हालतीत!"

पडद्यावर आधी प्रणाली दिसली, मग सुमन. चेहरा दगडासारखा. मागे एक सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन उभी. प्रभाकरने फोन माझ्याकडे वळवला. जांभळं पातळ, बांगड्या, मिशी, मागून शेवंती माझा खांदा चाटते आहे. मी एका हाताने बादली वर धरून दाखवली.

सुमनने फोन ओढून डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "निऱ्या पाहा कशा घातल्या. पोत्याची घडी बरी."

आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सिस्टर हसली, प्रणाली हसली, पलीकडच्या खाटेवरची कोणीतरी आजी "काय झालं, मले बी दाखवा" म्हणून उठून बसली. मी मात्र हसलो नाही.

"सुमन," मी म्हणालो, "तू रोज लावत होती. मले सांगतलं काहून नाई?"

तिचं हसू जरा खाली बसलं.

"सांगून लावाचं असते काय ते?" ती म्हणाली. "म्हनलं, पाहू तुमाले कवा वास येते त. शेवंतीले पयल्याच दिवशी आला."

प्रभाकर उगीचच वगारीकडे बघू लागला.  एवढ्या वर्षांत ही बाई पहाटे उठून गोठ्यात जात होती, थंडी म्हटली नाही, ताप म्हटला नाही, आणि मी तिच्या हातचा चहा पिऊन माझ्या नाकाच्या गप्पा तिलाच सांगत होतो. मला तिचे उपकार मोजता येईनात. मी एवढंच म्हणालो, "चुकलं माह्यं. आता आला वास. ऑपरेशन करून घे. मले आयुष्यभर घ्यायचा हाये."

साळ्यासमोर, पातळ नेसून, हे असं मी बोललो. हो, बोललो!

सुमन पदराशी चाळा करत राहिली. सिस्टर म्हणाली, "मावशी, चला ना, डॉक्टर थांबलेत." सुमन खुर्चीत बसली आणि जाता जाता वळून म्हणाली, "बाटलीत ठेवलं काय काई, का सारं फवारून टाकलं?"

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी खडे डबीत घालून दिले, ते प्रभाकरने केनवडला सगळ्या बाजाराला दाखवले. मंदाने येऊन माझी माफी मागितली, पण मी उलट तिचेच आभार मानले. तिने तो फोन केला नसता, तर मी सुमनला कधीच खरं सांगितलं नसतं, माझा स्वभाव मला माहीत आहे. गावाने मात्र व्हायचं तेच केलं. मी रस्त्याने निघालो की माणसं लांब श्वास घ्यायची आणि आभाळाकडे पाहायची.

रविवारी सुमन घरी आली. टाके दुखत होते, तरी घरात पाय ठेवायच्या आधी गोठ्याकडे वळली. "शेवंतेऽ, मी आली वो!" म्हणून तिने हात पुढे केला. शेवंतीने हुंगलं. सुमनच्या अंगाला पाच दिवसांचा दवाखान्याचा वास, औषधं आणि फिनाईल. शेवंती फुरफुरली, दोन पावलं मागे सरली, आणि सरळ माझ्याकडे मान वळवून हंबरली! वगारीसाठी हंबरते तशी.

सुमनचे डोळे भरले. मला वाटलं, आता हिला काय सांगून समजवावं. पण तिने डोळे पुसले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "घ्या. आता काढा जल्मभर."

तेव्हापासून गोठा माझा. डॉक्टरांनी तिला दीड महिना वाकायचं नाही सांगितलं होतं, त्याला आता चार महिने झाले. ती ओट्यावर खुर्ची टाकून बसते, मी पहाटे अंघोळ करून दोन फवारे मारतो (दोनच! ती मोजते), पातळ नेसतो आणि दूध काढून तिच्यासाठी चहा ठेवतो. प्रणालीने नवीन बाटली पाठवली. निऱ्या आता सात मिनिटांत होतात.

परवा चहाचा कप तिच्या हातात द्यायला मी वाकलो, तर तिने डोळे मिटून लांब श्वास घेतला. "चांगला येते हो तुमच्या अंगाले वास," ती म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण माझ्या रूपरंगाबद्दल तिने काढलेले हे पहिले चांगले शब्द, आणि ते ऐकताना मी लाजून पदर पुढे ओढला!